गव्हाच्या मुलखात गव्हावाचून: सीलिॲक असलेल्या मोठ्या माणसांचे मन कशावर तग धरते?

मालवमाटी (धागाकर्ती)

सर्व सभासदांना नमस्कार. मी इंदूरची. वयाच्या ३४व्या वर्षी मला सीलिॲकचे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडे बिघडते त्या आजाराचे, निदान झाले, त्याला आता ११ वर्षे झाली. त्याआधीची सहा-सात वर्षे सतत कमी राहणारे हिमोग्लोबिन, वारंवार येणारे तोंड आणि दुपारी बारालाच गळून जाणारे अंग यांवर लोहाच्या गोळ्या घेण्यात गेली. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची, रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक अंकुर झिजून सपाट झाल्याचे कळले. त्या दिवसापासून गहू, रवा, मैदा आणि जव आयुष्यातून गेले. ज्या माळव्याचे वर्णन ‘पग पग रोटी, डग डग नीर’ असे पिढ्यान्‌पिढ्या केले जाते, त्या माळव्यात मी पोळीवाचून राहते.

प्रश्न पथ्याचा नाही, ते मला जमते. गेल्या महिन्यात शेजारी सत्यनारायण होता. सत्तरीच्या काकूंनी माझ्या तळहातावर शिरा ठेवला आणि प्रेमाने म्हणाल्या, “प्रसादाला नाही म्हणू नये गं, एवढ्याशाने काय होतंय?” मी प्रसाद कपाळाला लावला आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातावर दिला. कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही. तरी घरी येऊन मी हात साबणाने धुतले आणि मोरीपाशीच उभी राहून रडले. माझ्या तपासण्या कित्येक वर्षे उत्तम आहेत. शरीर सावरले असताना मन अजून का दमते, आणि तुमचे मन कशावर टिकून राहते, हे मला तुम्हा सर्वांना विचारायचे आहे. कृपया पाककृती देऊ नयेत, त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत.

कान्हकाठ

मन दमते हे कोणीतरी स्पष्ट लिहिले याचे फार बरे वाटले. मी आजवर हे घरातही बोललो नव्हतो.

राजवाडा६२

मालवमाटीताई, आपल्या भावनांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मला २० वर्षे मधुमेह आहे. मलाही प्रत्येक लग्नात जिलबीचा आग्रह होतो आणि मी हात जोडून नाही म्हणतो. एकदा मनाशी निश्चय केला की पुन्हा त्याचा विचार करू नये, असे मला वाटते, कारण विचार जितका अधिक तितका त्रास अधिक. आपण ११ वर्षे पथ्य पाळले आहे, म्हणजे निश्चय आपल्यापाशी आहेच. मग एका प्रसंगाला इतके महत्त्व का द्यावे?

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि सीलिॲक असलेली बरीच मोठी माणसे माझ्याकडे येतात. राजवाडाकाका, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

मधुमेहात एखाद्या दिवशी जिलबीचा तुकडा खाल्ला गेला, तर औषध आहे, चालणे आहे, दुसऱ्या दिवशीची साखर आहे. सीलिॲकला आज तरी औषध नाही, पथ्य हाच एकमेव उपचार आहे. ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. एका इटालियन अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्याने आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे दिसले. आपल्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन धरले, तर हा पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग झाला. ज्या परातीत कणीक मळली, तीच ओल्या फडक्याने पुसून भाकरीला घेतली, तर असे कण सहज येतात. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. चक्कीवर गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली, तर पहिल्या पिठात गहू उतरतोच. म्हणून या माणसाला निश्चय एकदा करून भागत नाही, तो दिवसातून दहा वेळा, प्रत्येक चमच्यापाशी नव्याने करावा लागतो.

हे ओझे मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या आजारांच्या लोकांना त्यांच्या उपचाराचा भार किती वाटतो असे विचारले होते. सीलिॲकच्या लोकांनी सांगितलेला भार उच्च रक्तदाब आणि आम्लपित्ताच्या रुग्णांपेक्षा जास्त होता आणि डायलिसिसवर असलेल्यांच्या जवळ जाणारा होता. या लोकांना गोळी नाही, सुई नाही, तरीही असे.

राजवाडा६२

पन्नासावा भाग, हे मला खरोखर माहीत नव्हते. माझ्या लिहिण्याने ताईंना दुखावले असेल तर क्षमा मागतो. आमच्याही घरी सत्यनारायण होतो आणि मीही लोकांच्या हातावर असाच आग्रहाने प्रसाद ठेवत आलो आहे.

ग्वाल्हेरचा_वाचक

मी लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, आणि माझ्या पत्नीला हा आजार आहे. मूळ प्रश्नातल्या एका शब्दावर थांबावेसे वाटते. मानसशास्त्रात ज्याला रेझिलियन्स म्हणतात, त्याला मराठीत कोणी लवचिकता म्हणतात, कोणी चिवटपणा. मला धागाकर्तीने वापरलेला ‘तग’ हा शब्द अधिक खरा वाटतो. चिवटपणा हा एखाद्याच्या अंगचा गुण वाटतो, पण तग धरायला काहीतरी धरावे लागते, हात पोचेल असे काही जवळ असावे लागते.

एमी वर्नर या संशोधिकेने हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातले कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट अशी, की प्रत्येकाला भरवशाचे असे निदान एक माणूस मिळाले होते, मग ते आजी असो, शेजारी असो किंवा शिक्षक असो. तो अभ्यास मुलांचा होता, आजाराचा नव्हता, हे मी जाणतो. तरीही आमच्या घरात जे घडले त्याला तो लागू पडतो. निदानानंतर पहिले वर्षभर पत्नी खचली होती. माझ्या आईने, वयाच्या ७४व्या वर्षी, स्वतः डबे रिकामे करून स्वयंपाकघराची वरची फळी सुनेसाठी वेगळी केली, नवीन पोळपाट-लाटणे आणले आणि घरघंटी विकत घ्यायला लावली. आईला ग्लुटेन हा शब्द आजही नीट उच्चारता येत नाही. पण “हिच्या फळीला गव्हाचा हात लावायचा नाही” हे वाक्य तिने घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, सांगितले. त्या दिवसापासून पत्नीला घरात पहारा द्यावा लागला नाही, आणि पहारा सुटला तशी तिची झोप परत आली.

सराफ्याची_रात्र

मी २९ वर्षांचा आहे आणि निदान होऊन चार वर्षे झाली. माझा अनुभव उलट दिशेचा आहे, म्हणून जरा लांबवर लिहितो.

पहिल्या वर्षी मी पथ्यात इतका बुडालो की बाकी काही उरले नाही. स्वतःचे ताट घेऊन हिंडायचो. कोणी पोळी खाल्लेल्या हाताने दार उघडले, तर मी ती कडी पुसायचो. मित्र रात्री इंदूरच्या सराफ्यात जायचे, सोन्याची दुकाने मिटली की तिथे भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी यांचे ठेले लागतात. कीस मक्याचा आणि खिचडी साबुदाण्याची असली, तरी हिंग कोणते, कढई कोणती, या प्रश्नांनी मी आधी खाणे सोडले, मग जाणे सोडले आणि शेवटी फोन उचलणेही सोडले. माझी टीटीजीची पातळी मात्र सुरेख खाली आली होती आणि डॉक्टर अभिनंदन करत होते. त्या अभिनंदनाच्या दिवशी मी घरी येऊन दिवसभर अंथरुणातून उठलो नाही.

पुढे ज्या समुपदेशक बाईंकडे गेलो, त्यांच्याकडून कळले की हे केवळ माझे वेड नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पथ्याबाबत अतोनात सावध असलेल्या मोठ्या माणसांचे जीवनमान कमी सावध असलेल्यांपेक्षा खालावलेले आढळले होते. बाईंनी मला एका वहीत दोन रकाने करायला सांगितले. एकीकडे ज्यातून ग्लुटेन खरोखर तोंडात जाते अशा गोष्टी, दुसरीकडे ज्यांची नुसती भीती वाटते अशा गोष्टी. परात, तळणाचे तेल, हिंग आणि चक्की पहिल्या रकान्यात गेली. दाराची कडी, मित्राचा हात, शेजारी बसून कोणी कचोरी खाणे ही सगळी दुसऱ्या रकान्यात गेली. दुसरा रकाना पहिल्याच्या तिप्पट लांब निघाला, आणि तो पाहून मला माझ्या वर्षभराच्या थकव्याचा हिशेब लागला.

आता मी घरी जेवून सराफ्यात जातो. तिथे काहीही खात नाही. मित्रांबरोबर दीड-दोन तास उभा राहतो आणि बोलतो. खाण्यासाठी नव्हे, माणसांसाठी तिथे जायचे, एवढा साधा फरक समजायला मला तीन वर्षे लागली.

बडोद्याची_मावशी

भावा, तुझे लिहिणे मनापासून पटले, पण तरुणांनी यातून चुकीचा अर्थ घेऊ नये म्हणून माझेही सांगते. मी ५८ वर्षांची आहे. मलाही मुले म्हणाली, “आई, इतकी काळजी करू नकोस, मोकळी हो.” मी मोकळी झाले. नवरात्रात गरब्यानंतर सगळ्यांबरोबर फाफडा खाल्ला, कारण तो तर बेसनाचा. त्याच तेलात मैद्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, हे माझ्या लक्षात आले नाही. असे वर्षभर चालले. मग मनगटाचे हाड अगदी साध्या पडण्याने मोडले, तपासण्या झाल्या, तेव्हा टीटीजी पुन्हा चढलेले आणि हाडे ठिसूळ झालेली निघाली. या आजारात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, ते मी मनावर घेतलेच नव्हते. बाहेरचे काही नाही म्हणजे काहीच नाही, हा नियम मी त्यानंतर केला, आणि माझ्या मनाला त्या नियमानेच शांती मिळाली. रोज नवा निर्णय घेत बसणे मला झेपत नाही. त्यामुळे सावधपणाने मन आखडते हे तुझ्याबाबत खरे असेल, माझे मन सावधपणानेच सैल झाले.

सराफ्याची_रात्र

मावशी, फाफडा माझ्याही पहिल्याच रकान्यात आहे. आपला नियम मी कमी लेखत नाही. मी दाराच्या कड्यांबद्दल बोलत होतो.

कोवळी_ज्वारी

मी २७ वर्षांची आहे आणि सध्या घरी माझ्यासाठी स्थळे पाहत आहेत. नातेवाइकांचा सल्ला असा, की लग्नाआधी फक्त “गव्हाची ॲलर्जी आहे” एवढे सांगावे, बाकी मागाहून पाहता येईल. मला ते मान्य नाही. ॲलर्जी म्हटले की लोकांना वाटते पुरळ येईल, गोळी घेऊ, संपेल. मी पहिल्याच भेटीत सगळे सांगते, आणि हेही सांगते की सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहांत एक असते. दोन ठिकाणांहून नकार आला. पहिल्या नकाराने आठवडाभर जेवण गेले नाही, दुसऱ्याने एक संध्याकाळ गेली. तिसऱ्या ठिकाणी मुलाच्या आईने विचारले, “भाकरी करता येते ना तुला? मग आमच्या घरात काय अडणार आहे?” पुढे काय होईल ते अजून ठरलेले नाही.

मला खरा भार निराळ्याच गोष्टीचा होतो. माझ्यानंतर धाकट्या भावाची तपासणी केली आणि त्यालाही निघाले. आई स्वतःला दोष देते. तिला मी कितीदा समजावले तरी ती पोळ्या लाटताना गप्प होते.

ग्वाल्हेरचा_वाचक

कोवळी_ज्वारी, आपल्या आईला एक गोष्ट जरूर सांगा. या आजाराला लागणारी जनुके आपल्या देशात पुष्कळांच्या अंगात असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांत मिळून झालेल्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांमध्ये सीलिॲक आढळला. जनुकांचे प्रमाण मात्र तिन्हीकडे बरेचसे सारखे होते. गहू खाण्याचे प्रमाण सारखे नव्हते. म्हणजे आईने दिले ते एक बीज, आणि ते तिलाही तिच्या पूर्वजांकडून आलेले. यात दोष कोणाचाच नाही.

शिवाय कारण माहीत असणे हा किती मोठा आधार आहे, हे जुन्या इतिहासाकडे पाहिले की कळते. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा संबंध मांडला. त्याआधी कितीतरी आया लेकराला काय बाधते हे न कळता त्याला झिजताना पाहत होत्या. आपल्या आईला निदान काय टाळायचे ते ठाऊक आहे.

पथ्यपाणी

एक गोष्ट राहिली होती. मन खचले की आपण लगेच स्वभावाला दोष देतो. लोह, बी-१२, फोलेट किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉइड बिघडले असेल (ते या आजाराबरोबर बऱ्याचदा असते), तरीही उदासी आणि थकवा येतो. आधी त्या तपासण्या कराव्यात. आतडे भरून यायला मोठ्या माणसांत दोन वर्षे किंवा अधिकही लागतात, त्या काळात मनाकडून फार अपेक्षा करू नये. तपासण्या ठीक असूनही उदासी आठवड्यांमागून आठवडे राहिली, झोप आणि भूक गेली, तर समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. सरकारची टेलीमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. आजार दीर्घकाळचा असला की नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, यात लाजण्यासारखे काही नाही.

फळीवाला_नवरा

पत्नीच्या बाजूने नव्हे, नवऱ्याच्या बाजूने लिहितो. सुरुवातीला मी प्रत्येक समारंभात तिच्या आधी पोचून यजमानांना सांगत असे, “हिला गहू चालत नाही, हिचे जरा वेगळे बघा.” मला वाटे मी तिची ढाल आहे. एका मुंजीत तिने मला बाजूला घेऊन सांगितले, “मी पथ्यावर आहे, मी मुकी नाही.” तेव्हापासून ती स्वतः बोलते आणि मी तिचा डबा धरतो. जवळच्या माणसांनी आधार द्यावा, हे वर अनेकांनी लिहिले आणि ते खरेच आहे, पण किती द्यावा हे पथ्यावर असलेल्या माणसालाच विचारावे.

मालवमाटी

सर्वांची उत्तरे दोन-दोनदा वाचली. ‘मी मुकी नाही’ हे वाक्य वाचून मला माझ्या रडण्याचे कारण सापडल्यासारखे वाटले. शिरा खाता आला नाही याचे मला दुःख नव्हते. काकूंना मी काहीच सांगितले नाही, प्रसाद गुपचूप दुसऱ्याच्या हातावर ठेवला आणि चोरासारखी बाहेर पडले, त्याचे होते. ११ वर्षे शेजारी राहून मी त्यांना हे कधी नीट सांगितलेच नाही, कारण सांगताना आपण भीक मागतो आहोत असे मला वाटत आले.

काल मी त्यांच्याकडे गेले आणि अर्धा तास बसून सर्व सांगितले. त्या आधी ऐकून घाबरल्या, मग म्हणाल्या, “पुढच्या पौर्णिमेला तांदळाच्या रव्याचा करते तुझ्यासाठी.” मी हो म्हणाले आणि घरी येऊन पुन्हा काळजीत पडले. त्यांची कढई तीच, उलथणे तेच, तूपही त्याच बरणीतले. त्यांनी इतक्या मायेने केलेले मी खाल्ले नाही, तर त्यांना लागेल, आणि खाल्ले तर मला बाधेल. मन कशावर टिकते हे विचारायला आले होते आणि आता तुम्हाला कढईबद्दल विचारते आहे.

बडोद्याची_मावशी

स्वतःची कढई, उलथणे आणि तुपाची लहान बरणी घेऊन तासभर आधी जा आणि त्यांच्या ओट्यापाशी दोघी मिळून करा. तुझा शिरा आधी होऊ दे आणि झाकून ठेव, त्यांचा रव्याचा मागाहून. तूपही उघड्या चमच्याने कोणाला घेऊ देऊ नकोस.

कान्हकाठ

प्रसाद तांदळाचा केला तर तो व्रताला चालेल का, असे काकूंना किंवा गुरुजींना वाटू नये म्हणून विचारतो.

राजवाडा६२

याचे उत्तर मी देऊ शकतो, कारण कथेची पोथी मी ४० वर्षे वाचत आलो आहे. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगितली जाणारी ही कथा, आणि रेवा म्हणजे आपली नर्मदा. त्यात नैवेद्य सांगताना केळी, तूप, दूध आणि गव्हाचा रवा सांगितला आहे, आणि लगेच पुढे म्हटले आहे की गहू नसेल तर तांदळाचे पीठ घ्यावे. इतकी वर्षे हा श्लोक मी म्हणत आलो आणि तो कोणासाठी असेल याचा विचार केला नाही. ताई, काकूंना पोथीतली ती ओळ दाखवा. तांदळाची कणी सव्वा वाटी, साखर सव्वा वाटी, तूप सव्वा वाटी. पाककृती नको म्हणाला होतात, पण प्रसादाचे माप तेवढे सांगतो. केळे आपल्या घरून नेऊन आपल्याच सुरीने चिरा.